श्वेत बटूंचे विलक्षण स्फोट : एका रूढ उपपत्तीचें परीक्षण

कोणत्याही शास्त्रांतील उपपत्ति सामान्य लोकांपर्यंत पोंचते ती बहुधा गोष्टीच्या रूपानें. गणित मागें राहतें, संशोधकांच्या शंकाकुशंका मागें राहतात, आणि जिला आरंभ, मध्य व अंत आहे अशी एक सुबक कथा तेवढी पुढें येते. यांत वावगें असें कांहीं नाहीं; कथेवांचून सामान्य वाचकाची शास्त्राशीं ओळख होणेंच कठीण. परंतु कथा एकदां लोकांच्या तोंडीं बसली म्हणजे ती खरी आहे कीं नाहीं हें पाहण्याची जरूरी कोणास वाटेनाशी होते, आणि ज्या निरीक्षणांपुढें ती टिकत नाहीं त्या निरीक्षणांनाच ‘अपवाद’ ठरवून बाजूस सारण्यांत येतें. कादंबरीचें परीक्षण करतांना कथानक संभवनीय आहे काय, हा प्रश्न टीकाकार विचारतो. शास्त्रीय कथानकासही तो विचारला पाहिजे. खगोलविषयक लोकप्रिय लेखनांत सर्रास आढळणाऱ्या अशा एका कथेचें परीक्षण येथें योजिलें आहे. ती कथा श्वेत बटूंच्या स्फोटाची.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करूं. सन १५७२ च्या नोव्हेंबरांत शर्मिष्ठा तारकासमूहांत टायको ब्राहे ह्या डॅनिश ज्योतिष्यास एक अपरिचित तारा दिसला, आणि पुढील वर्षीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्यानें त्याला ‘नवा तारा’ म्हटलें. तें नांव अद्यापि चालत आलें आहे; मात्र वस्तुस्थिति नेमकी उलट होती. जें दिसलें तें नव्या ताऱ्याचें जन्म नसून जुन्या ताऱ्याचें मरण होतें. १९३० नंतरच्या दशकांत बाडे व झ्विकी ह्या दोघांनीं साध्या नवताऱ्यांहून हजारों पटींनीं तेजस्वी असा वर्ग निराळा काढला. त्यासच आपण सुपरनोव्हा किंवा अतिदीप्त नवतारा म्हणतों. ‘श्वेत बटु’ हा मराठी शब्द मात्र मोठा समर्पक साधला आहे. बटु म्हटला कीं बळीच्या यज्ञमंडपांत आलेला वामन आठवतो. आणि दिसण्यांत एवढासा असलेला हा तारा स्फोटाच्या वेळीं चार-पांच अब्ज सूर्यांच्या तेजानें तळपतो, तेव्हां त्या नांवाची सार्थकता पटते.

हा बटु म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचें इंधन संपल्यावर उरलेला गाभा. त्याचें द्रव्य सूर्याच्या तोडीचें, पण आकार पृथ्वीएवढा; त्यांतील एका घन सेंटिमीटराचें वजन एक टनाच्या घरांत जातें. व्याधाच्या ताऱ्यास असा एक सहचर असला पाहिजे, हें बेसेलनें १८४४ सालीं व्याधाच्या डळमळत्या गतीवरून ताडलें, आणि १८६२ सालीं अल्व्हन क्लार्क ह्यास तो प्रत्यक्ष दिसला. अशा ताऱ्यास तोलून धरणारा दाब उष्णतेपासून उत्पन्न होत नाहीं. दाटीवाटीनें कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांपासून तो उत्पन्न होतो. ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. साधा तारा तापला कीं प्रसरण पावतो व त्यामुळें पुन्हां निवतो. श्वेत बटूस ही सोय नाहीं. तो तापला तरी फुगत नाहीं, म्हणून त्याच्या पोटांतील कार्बन एकदां पेटला कीं आग आगीला वाढवीत जाते. हॉइल व फौलर ह्यांनीं १९६० सालीं हें तत्त्व मांडलें, आणि त्याविषयीं आज कोणाचा वाद नाहीं. वाद आहे तो, हा कार्बन पेटवितो कोण, ह्याविषयीं.

आतां रूढ कथा पाहूं. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी १९३० सालीं मुंबईहून बोटीनें विलायतेस निघाला, आणि श्वेत बटूचें वजन अमर्याद वाढूं शकत नाहीं, हें त्यानें त्या प्रवासांत गणितानें काढलें. सूर्याच्या सुमारें १·४ पट द्रव्य ही ती मर्यादा. १९३५ च्या जानेवारींत लंडनच्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेंत एडिंग्टनसारख्या अधिकारी पुरुषानें ह्या निष्कर्षाची जाहीर संभावना केली. कारण तारा अनिवारपणें ढासळत जावा, ही कल्पनाच त्याला असंभाव्य वाटली. पुढें मर्यादा खरी ठरली व १९८३ सालीं चंद्रशेखरांस नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या मर्यादेवर पुढची कथा रचिली गेली. श्वेत बटूजवळ एक सहचर तारा असतो. बटु त्याच्या अंगावरील वायु ओढून घेतो. घेतां घेतां त्याचें वजन वाढतें. आणि मर्यादा ओलांडतांच त्याचा स्फोट होतो. सर्वांची मर्यादा एकच, म्हणून सर्वांचे स्फोट सारखेच तेजस्वी. आणि ते सारखे, म्हणूनच त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांचीं अंतरें मोजतां येतात. एवढी सुटसुटीत कथा शास्त्रांत विरळाच.

ही कथा आपल्याकडे विशेष लवकर रुजली ह्याचें नवल नको. तिचा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे. शिशुपालाचे शंभर अपराध श्रीकृष्णानें पोटांत घातले आणि एकशें एकाव्याला चक्र सोडलें. तसाच हा परद्रव्य हरण करणारा बटु आपला घडा भरीत बसतो आणि भरतांच फुटतो. अपराध, मर्यादा आणि शासन हीं तिन्ही यथास्थित जुळलीं म्हणजे श्रोत्याची नीतिबुद्धि संतुष्ट होते आणि कार्यकारणाची चौकशी तेथेंच थांबते. चंद्रशेखर आपले, हा अभिमान त्यांत मिसळला कीं मग बोलावयासच नको. परंतु निसर्ग नीतिकथा रचीत नाहीं. कथेचें गोडपण हा तिच्या सत्यतेचा पुरावा होऊं शकत नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

प्रथम, ही कथा तिच्याच गृहीतकांवर तपासून पाहूं. ‘मर्यादा ओलांडतांच स्फोट होतो’ हें वाक्य चुकीचें आहे. मर्यादा खरोखर ओलांडली गेली तर तारा ढासळून आंत कोसळेल. रूढ उपपत्तीच्या जाणत्या पुरस्कर्त्यांचें म्हणणेंही तसें नाहीं. त्यांच्या गणिताप्रमाणें मर्यादा जवळ आली, पण गांठली गेली नाहीं, अशा अवस्थेंत गाभ्यांतील कार्बन पेट घेतो. म्हणजे एकशें एकावा अपराध घडतच नाहीं. उलटपक्षीं ज्या श्वेत बटूच्या पोटांत ऑक्सिजन व निऑन भरलेले आहेत, तो मर्यादेजवळ गेला तर उधळून न जातां दबून न्यूट्रॉन तारा होईल, असें गणित सांगतें. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर ह्या लक्षणांत अतिव्याप्तीचा दोष आहे: जेथें स्फोट नाहीं तेथेंही तें लागू पडतें. शिवाय घडा भरणें हेंही वाटतें तितकें सोपें नाहीं. बटूच्या पृष्ठावर सांचलेला हायड्रोजन मधून मधून भडकतो व सांचलेलें द्रव्य बाहेर फेंकून देतो; साधा नवतारा तो हाच. भुजंगधारी समूहांतील आरएस नांवाचा तारा असा २००६ व २०२१ ह्या दोन सालीं भडकला. ज्या घड्याला असा पाझर आहे तो भरेल केव्हां, ही शंका रास्तच आहे.

दुसरा आक्षेप सहचराविषयीं. कथेंत ज्याचें द्रव्य हरण झालें तो सहचर स्फोटानंतर मागें उरावयास पाहिजे. २०११ च्या ऑगस्टांत सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एम-१०१ ह्या दीर्घिकेंत ‘२०११ एफई’ हा अतिदीप्त नवतारा स्फोटानंतर कांहीं तासांतच पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीस सांपडला. अंतर सुमारें दोन कोटी प्रकाशवर्षें, म्हणजे ह्या हिशेबानें अगदीं शेजारचें घर. आरंभींच्या प्रकाशावरून, फुटलेला तारा सूर्याच्या त्रिज्येच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही लहान होता, असें निघालें. म्हणजे तो श्वेत बटूच असला पाहिजे. पण त्या जागेच्या पूर्वीं घेतलेल्या छायाचित्रांत तांबड्या राक्षसी ताऱ्याचा मागमूसही नव्हता. मॅजेलनच्या मोठ्या मेघांत ‘०५०९-६७·५’ ह्या क्रमांकाचा एका जुन्या स्फोटाचा अवशेष आहे; त्याच्या मध्यावर उरलेला सहचर शोधला असतां तेथेंही २०१२ सालीं कांहीं आढळलें नाहीं. मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाहीं आणि तरी लठ्ठ आहे. त्यावरून तो रात्रीं जेवत असला पाहिजे अशी अर्थापत्ति निघते. त्याचप्रमाणें येथें बटूस चेतविणारा कोणी तरी आहे आणि तो दिसत नाहीं, त्या अर्थीं तोही बटूसारखाच लहान व अंधुक असला पाहिजे, असें अनुमान निघतें. दोन श्वेत बटु एकमेकांभोंवतीं फिरतां फिरतां जवळ येतात व अखेर भिडतात, ही दुसरी उपपत्ति १९८४ सालीं आयबेन व तुतुकोव ह्यांनीं आणि स्वतंत्रपणें वेबिंक ह्यानें मांडली होती. चाळीस वर्षें ती पाठ्यपुस्तकांच्या तळटीपेंत राहिली. आज तिला पंक्तींत मानाचें पान मिळालें आहे.

परंतु रूढ कथेची खरी परीक्षा विलक्षण स्फोटांनीं केली आहे. त्यांपैकीं पहिला वर्ग, ज्याला आपल्या भाषेंत ‘फुसका बार’ म्हणतात त्या जातीचा. ‘२००२ सीएक्स’ ह्या ताऱ्यापासून ह्या वर्गाची ओळख झाली, आणि २०१३ सालीं त्याला स्वतंत्र नांव मिळालें. नेहमींच्या स्फोटांत द्रव्य सेकंदास दहा हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगानें उधळतें. ह्यांत तो वेग कांहीं ठिकाणीं दोन हजारांइतका खालीं येतो, आणि तेजही कमी भरतें. उपपत्ति अशी कीं, येथें आग ध्वनीहून मंद गतीनें पसरत गेली. तिचें प्रचंड आघातांत रूपांतर झालें नाहीं. म्हणून ताऱ्याचा कांहीं भाग उडाला व कांहीं उरला. ह्या अनुमानास एक प्रत्यक्ष पुरावाही मिळाला आहे. ‘२०१२ झेड’ हा स्फोट ज्या दीर्घिकेंत झाला तिचीं हबल दुर्बिणीनें घेतलेलीं जुनीं छायाचित्रें उपलब्ध होतीं. त्यांत नेमक्या त्या जागीं एक निळसर तारा आढळला. हेलियमचा पुरवठा करणारा सहचर तो हाच असावा. स्फोटाचा भर ओसरल्यावर तो निळा तारा पुन्हां दिसावा किंवा नाहींसा व्हावा, अशी अपेक्षा होती. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तेथें पूर्वीपेक्षांही अधिक तेज आढळलें. त्यावरून फुटलेला बटु स्वतःच अर्धवट जिवंत उरला असावा, असा तर्क निघतो. मरणाच्या कथेंत मृत व्यक्तीच जिवंत निघावी, हें कथाकारास परवडणारें नाहीं. पण निसर्गास तें परवडतें.

दुसरा वर्ग ह्याच्या अगदीं उलट. ‘२००३ एफजी’ हा तारा इतका तेजस्वी होता कीं, त्याच्या प्रकाशास लागणाऱ्या किरणोत्सर्गी निकेलचा हिशेब करतां फुटलेल्या ताऱ्याचें द्रव्य सूर्याच्या दुप्पट भरतें, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. जी मर्यादा ओलांडतां येत नाहीं ती येथें ओलांडली गेली असें दिसतें. वेगानें स्वतःभोंवतीं फिरणारा तारा अधिक भार पेलूं शकेल, किंवा दोन बटूंच्या मिलनानंतर भोंवतीं पसरलेल्या कार्बनच्या आवरणावर आघात होऊन तेज वाढलें असेल, अशा दोन उपपत्ति पुढें आल्या आहेत. निकाल अद्याप लागलेला नाहीं.

येथें एका गोष्टीचा उल्लेख न केल्यास आम्ही रूढ कथेवर अन्याय केल्यासारखें होईल. ‘पीटीएफ ११केएक्स’ ह्या स्फोटाभोंवतीं हायड्रोजनचीं कवचें आढळलीं, आणि ‘२०२० ईवायजे’ ह्याच्याभोंवतीं हेलियमचें आवरण सांपडलें. नंतरचा हा स्फोट रेडिओ-लहरींतही दिसला, आणि ह्या जातीच्या स्फोटांत तसें प्रथमच घडलें. अशा ठिकाणीं द्रव्य देणारा साधा सहचर मानल्याशिवाय गत्यंतर दिसत नाहीं. तेव्हां जुनी उपपत्ति सर्वस्वीं खोटी नाहीं. अनेक उपपत्तींपैकीं ती एक आहे, आणि तिला दिलेलें सार्वभौमत्व तेवढें खोटें आहे.

राहतां राहिला प्रश्न, मर्यादेपासून दूर असलेला बटु फुटूं शकतो काय? शकतो, असें आतां बऱ्याच बळानें म्हणतां येतें. बटूच्या पृष्ठावर हेलियमचा पातळ थर जमला व तो एकाएकीं फुटला, तर त्याचा आघात आंत जाऊन केंद्रापाशीं एकवटतो आणि कार्बन पेटवितो. ह्यास दुहेरी स्फोट म्हणतात, व त्याला सूर्याएवढ्या वजनाचा बटुही पुरतो. असे दोन स्फोट एकामागून एक झाले तर अवशेषांत कॅल्शियमचीं दोन वेगळालीं कवचें दिसलीं पाहिजेत. वर उल्लेखिलेल्या मॅजेलन मेघांतील अवशेषांत, चिलीमधील मोठ्या दुर्बिणीनें घेतलेल्या वर्णपटांत, तशीं दोन कवचें दिसल्याचें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या जागीं उरलेला सहचर सांपडला नव्हता त्याच जागीं ही साक्ष मिळावी, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. तसेंच २०१८ सालीं गाया उपग्रहाच्या नोंदींतून सेकंदास हजार किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवणारे तीन विलक्षण तारे निघाले. जोडीदार फुटल्यावर गोफणींतून सुटलेल्या धोंड्याप्रमाणें ते भिरकावले गेले असावेत, असा त्यांचा अर्थ लावण्यांत आला आहे. येणेंप्रमाणें रूढ लक्षणांत अव्याप्तीचा दोषही सिद्ध होतो: मर्यादेची गांठ न पडतांही स्फोट घडतो. चंद्रशेखरांची मर्यादा ह्यामुळें तिळमात्र डळमळत नाहीं, हें मात्र विसरूं नये. बटु किती भार पेलूं शकेल हें ती सांगते. तो कशानें फुटेल हें सांगण्याची जबाबदारी चंद्रशेखरांनीं तिच्यावर टाकलेली नव्हती. ती मागाहून कथाकारांनीं टाकली.

कोणी विचारील कीं, हे सारे स्फोट जर नाना प्रकारचे, तर त्यांच्यावरून केलेल्या विश्वाच्या मोजमापाचें काय? १९९८ सालीं दोन निरनिराळ्या मंडळांनीं ह्याच दिव्यांच्या साहाय्यानें विश्वाचें प्रसरण वेगावत असल्याचें दाखविलें, व त्याबद्दल पर्लमटर, श्मिट व रीस ह्यांस २०११ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तो निष्कर्ष ढासळला काय? नाहीं, कारण तो ह्या कथेवर उभारलेलाच नव्हता. सर्व स्फोट सारखे तेजस्वी नसतात, हें संशोधकांस आधींच ठाऊक होतें. जो अधिक तेजस्वी तो सावकाश मावळतो, असा नियम फिलिप्स ह्यानें १९९३ सालीं प्रत्यक्ष निरीक्षणांवरून दाखविला, आणि त्याच्या आधारें तेजाची दुरुस्ती करून मगच अंतरें काढलीं गेलीं. फारच विलक्षण स्फोट वर्णपटावरून ओळखून वगळतां येतात. मात्र प्राचीन काळच्या विश्वांत ह्या निरनिराळ्या जातींचें प्रमाण आजच्याहून निराळें असेल तर सूक्ष्म मोजमापांत फरक पडण्याचा संभव आहे. म्हणूनच मूळ कारणाचा शोध हा केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाहीं. सामान्य वाचकास जें सांगितलें जातें तें नेमकें उलट आहे: कारण ठाऊक, म्हणून माप खरें. वस्तुतः माप पारखून घेतलेलें आहे, आणि कारण अद्याप शोधण्यांत आहे.

दुसरा एक आक्षेप शिक्षकांकडून येईल. तो असा कीं, नवशिक्यास एवढा गुंता कशाला? आधीं सोपी कथा शिकवावी, पुढें जो शिकेल तो दुरुस्त करून घेईल. आमच्या मतें हा युक्तिवाद फसवा आहे. शंभर विद्यार्थ्यांपैकीं नव्याण्णव पुढें जात नाहींत. त्यांच्या पदरांत आयुष्यभर पहिलीच कथा राहते. आणि त्या कथेबरोबर ते एक संवयही शिकतात: प्रत्येक कार्यास एकच कारण असतें आणि जें त्यांत बसत नाहीं तें ‘विलक्षण’ म्हणून सोडून द्यावयाचें असतें. ही संवय ताऱ्यांपुरती राहत नाहीं. इतिहासांत, समाजकारणांत व वाङ्मयांतही आपण ती घेऊन वावरतों. एडिंग्टनची चूक गणिताची नव्हती. ताऱ्यानें कसें वागावें ह्याची एक नीटस कल्पना त्याच्या मनांत आधींच ठरलेली होती, आणि ती मोडणारा निष्कर्ष त्याला सोसला नाहीं. ज्या मर्यादेनें त्याची समजूत मोडली त्या मर्यादेचीच आतां तशी नीटस कथा बनवून आपण तिला कवटाळून बसलों, तर त्या १९३५ च्या सभेपासून आपण कांहींच शिकलों नाहीं असें होईल.

लेखकांनीं करावें तरी काय? कठीण असें कांहीं नाहीं. ‘मर्यादा ओलांडतांच’ ह्याऐवजीं, श्वेत बटूस पेटविण्याच्या एकाहून अधिक वाटा आहेत असें लिहावें. सहचराकडून द्रव्य घेणें, दुसऱ्या बटूशीं मिळणें, हेलियमचा थर आधीं फुटणें, ह्या वाटा सांगून त्या प्रत्येकीच्या बाजूचा एक एक पुरावा द्यावा, आणि प्रश्नाचा निकाल लागला नसल्याचें उघड म्हणावें. ह्यानें वाचक गोंधळेल ही भीति व्यर्थ आहे. न्यायालयांतील साक्षीपुरावे रस घेऊन वाचणारा वाचक ताऱ्यांचेही वाचील.

आणि उदाहरणासाठीं त्याला दूर नेण्याचेंही कारण नाहीं. टायकोचा १५७२ चा तारा ज्या शर्मिष्ठेंत दिसला तेथेंच सन ११८१ मध्यें दुसरा एक तारा उगवला होता. चिनी व जपानी निरीक्षकांनीं तो १८५ दिवस पाहिल्याची नोंद आहे. टायकोच्या ताऱ्याचा प्रकाश वाटेंतील धुळीवरून परावर्तन पावून साडेचारशें वर्षांनंतर आपल्याकडे पोंचला, आणि २००८ सालीं त्याचा वर्णपट घेतां तो नेहमींच्या जातीचा स्फोट ठरला. ११८१ च्या ताऱ्याची जागा मात्र सापडत नव्हती. डेना पॅचिक ह्या अमेरिकन हौशी निरीक्षकानें २०१३ सालीं उपग्रहाच्या छायाचित्रांतून शर्मिष्ठेंत एक अंधुक तेजोमेघ हुडकून काढला होता. तोच त्या स्फोटाचा अवशेष असल्याचें २०२१ सालीं दाखविण्यांत आलें. त्याच्या मध्यभागीं एक तारा आजही जळत आहे. त्याच्या अंगीं हायड्रोजन नाहीं, हेलियम नाहीं, आणि त्याच्यावरून सेकंदास सुमारें सोळा हजार किलोमीटर वेगाचा वारा सुटलेला आहे. दोन श्वेत बटु भिडले, स्फोट झाला, पण पुरा झाला नाहीं, असा त्याचा अर्थ लावतात. एकाच तारकासमूहांत एक बटु पूर्णपणें उधळून गेला आणि दुसरा फुटूनही उरला. ह्या दोघांस एकाच कथेंत बसविण्याचा आग्रह न धरतां दोघांचीही हकीकत जो लेखक वाचकांपुढें ठेवील, त्याच्या पुस्तकाचें मराठीत मनापासून स्वागत होईल.